शेणकिड्यांचे झेंडे

मोनिका मॅडमच्या नारिंगी पट्ट्या शेळ्यांनी खाल्ल्या नसत्या, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

गवतात पुरलेले ग्लास पुन्हा सापडावेत म्हणून मॅडमनी प्रत्येक ग्लासाशेजारी एक बारीक सळई रोवली होती आणि तिच्या टोकाला प्लास्टिकची नारिंगी पट्टी बांधली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गायरानात गेलो, तर सळया जागच्या जागी आणि पट्ट्या गायब. तरवडाच्या झुडपामागं आमचीच बांडी शेळी उभी होती. तिच्या तोंडातून नारिंगी शेपूट लोंबत होतं आणि ती निवांत रवंथ करत होती.

मॅडम हसल्या, पण मला कसंनुसं झालं. दीड वर्षाच्या श्रेयाला कडेवर घेऊन, उन्हातान्हात हिंडून, मी माझ्या बी.एस्सी.चा पहिला पगार मिळवत होते. त्यात आमच्याच शेळीनं काम खाल्लं.

मॅडम संभाजीनगरच्या. एसटीनं गंगापूरला यायच्या आणि तिथून काळ्यापिवळ्या जीपनं आमच्या गावात. जमीन वेगवेगळ्या तऱ्हेनं वापरली की तिच्यातले जीव कसे बदलतात, हा त्यांचा अभ्यास. गुरं चरतात ते गवत, कापून नेलेलं गवत, नांगरलेलं रान, फळबाग, अशा निरनिराळ्या ठिकाणी जमिनीत ग्लास पुरायचा, त्याच्या तोंडावर जाळी ठेवून जाळीवर ताज्या शेणाचा गोळा ठेवायचा, आणि दोन दिवसांनी आत कोणते शेणकिडे पडले ते बघायचं. किडे ओळखायचं काम मी कॉलेजात थोडं केलं होतं, म्हणून त्यांनी मला सोबत घेतलं.

माझ्या सासूबाईंना, गोजरबाईंना, ह्याचं फार हसू यायचं.

"तीन वर्सं कॉलेज करून शेणातच हात घालायचा, तर मी काय वाईट होते?" त्या म्हणायच्या. "माझं पण नाव सांग की मॅडमला. मी तर लहानपणापासून शिकलेय."

पण बांडीनं पट्ट्या खाल्ल्याचं कळलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. मॅडमला त्यांनी ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि आत जाऊन पत्र्याची पेटी उघडली.

"आमच्या शेळीनं खाल्लं, तर कापड आमचं," बाहेर येत त्या म्हणाल्या. "प्लास्टिक खातात ती जनावरं. कापडाला तोंड लावत नाहीत."

एप्रिलात जयंतीच्या पताकांसाठी आणलेल्या ताग्यातलं उरलेलं कापड होतं ते. आमच्या गल्लीत अशा उरलेल्या कापडाच्या उशांच्या खोळी होतात, डब्याला बांधायची फडकी होतात. श्रेयाची दुपटी त्याचीच होती. मी कात्री घेतली आणि ओट्यावर बसून तिकोनी तुकडे कापले. मॅडमनी एक तुकडा उन्हात धरून बघितला.

"मस्त. पिवळ्या गवतात निळा लांबून दिसेल."

आम्हा तिघींपैकी कुणाच्याही मनात दुसरं काही आलं नाही. जे रोज डोळ्यांपुढं असतं त्याचा रंग दिसेनासा होतो.

दुपारभर आम्ही ते झेंडे बांधत फिरलो. दिवाळी होऊन गेली होती. सकाळी अंगात थंडी शिरायची, पण दुपारी ऊन टाळूला लागायचं. कुसळी गवत पिकून पिवळं पडलं होतं. कुसळं साडीच्या निऱ्यांतून आत शिरून पोटऱ्यांना टोचत होती. श्रेयाला मी बाभळीच्या सावलीत दुपट्यावर बसवायचे, आणि दर दोन झेंड्यांनंतर मागं पळत जाऊन दुपटं झटकायचे. विंचू, साप, काटा... मला सगळं दिसायचं. मॅडम म्हणायच्या, "करुणा, ती मजेत आहे." मजेतच असायची. पण माझ्या मानेत दुपारपर्यंत गोळा यायचा.

मॅडमच्या मोबाइलवर नकाशा होता. त्या सांगतील त्या दिशेला मी सुतळी ताणत न्यायचे, आणि सुतळीवर ठरावीक अंतरानं ग्लास. पहिली ओळ गवतातून गेली. दुसरी आमच्या तुरीतून. गायरानाच्या कडेची ती दोन एकरांची पट्टी माझ्या आजेसासऱ्यांनी दगड वेचून, बोरीची मुळं खणून केली. तिचा सातबारा आमच्या नावावर नाही. वहिवाट आहे, इतकंच. घरात तुरीची डाळ, ज्वारी, शेळ्यांचा पाला आणि माझ्या बाळंतपणाचा डिंक, सगळं त्या पट्टीतून आलं. यंदा तूर माझ्या खांद्याच्या वर गेली होती. शेंगांत दाणा धरत होता.

तिसरी ओळ सरळ गावातले मोठे बागायतदार काकासाहेब यांच्या मोसंबीच्या बागेकडं गेली आणि तारेशी थांबली.

"मॅडम, पुढं बाग आहे. काकासाहेबांची."

"एकच ग्लास राहिला आहे. फळबागेतला पण हवाच आहे मला." त्या तारेखालून वाकून आत गेल्या. मी तार उचलून धरली. बागेत राखणीला कुणी नव्हतं. एका झाडाच्या आळ्याशेजारी ग्लास पुरला, झेंडा बांधला, आणि आम्ही बाहेर आलो.

संध्याकाळी घरी जाताना मी चढावरून मागं बघितलं. वारा सुटला होता. गवतातून, तुरीतून, पार मोसंबीपर्यंत, सरळ रेषांत निळे झेंडे फडफडत होते. मला ते फार छान दिसले. मी श्रेयाला म्हटलंसुद्धा, "बघ, आईनं लावले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत गेले. पट्टा फिरत होता, जात्यातून पीठ पडत होतं, एक म्हातारी पुढं उभी होती. गिरणीवाल्यानं माझा डबा बघितला आणि पायानंच बाजूला सारला.

"लाईट नाय."

मी फिरणाऱ्या पट्ट्याकडं बघितलं. तोही बघत होता.

"चालूच आहे की, भाऊ."

"आता जायची हाय." त्यानं म्हातारीच्या पोत्यात हात घातला. "उद्या या. नायतर परवा या. नायतर तुमच्या मॅडमला सांगा, दळून देईल."

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. मी डबा उचलला. डोक्यावर घेताना ज्वारीचे दाणे कानाजवळून गळ्यात गेले, आणि घर येईपर्यंत ते तिथंच टोचत राहिले. गल्लीच्या तोंडाशी आमच्या बायका उभ्या होत्या, कमरेला कापूस वेचायच्या झोळ्या बांधून. वेचणीला न्यायला येणारी जीप त्यांच्यासमोरून गेली होती, थांबली नव्हती.

"काय झालं ग?" मला विचारलं जात होतं, जसं काही मला ठाऊकच असणार.

दुपारी गोकुळ आला. काकासाहेबांचा ट्रॅक्टर चालवतो तो. माझ्या नवऱ्याच्या, राजेंद्रच्या, वर्गातला. एरवी ट्रॅक्टरवरून उतरून चहा घेणारा, आज इंजिन बंद न करता वरच बसून राहिला. माझे सासरे, सखाराम मामा, दारात दोरी वळत होते. राजेंद्र नुकताच रोजगारावरून परत पाठवला गेला होता. तो भिंतीला टेकून उभा होता.

"सखाराममामा," गोकुळ इंजिनाच्या वर ओरडला, "निरोप हाय. गायरानावर झेंडे लावून कब्जा मांडलाय म्हणत्यात तुमी. उद्या सकाळपर्यंत सगळे झेंडे काढा. नायतर तुमच्या तुरीत रोटा घालून सगळी भुईसपाट करायची हाय."

मामांचे हात दोरीवर थांबले. "कोण घालणार रोटा?"

गोकुळनं मान खाली घातली. "कोण म्हंजे... मीच की. ट्रॅक्टर मी चालवतो." मग जरा हळू म्हणाला, "आमच्या मोसंबीत बी लावलाय म्हणे. त्यावरून मालक लई तापलेत. रात्री जेवले नाय."

"ते किडे मोजायचे झेंडे आहेत," मी म्हणाले.

"वैनी, मला काय सांगता? मी तर काय मोजत नाय." त्यानं क्लच सोडला. "आज काढून टाका. मला नका लावू ते काम."

ट्रॅक्टर गेला आणि गल्लीत डिझेलचा वास राहिला. राजेंद्रनं पायात चपला घातल्या.

"कुठं?" मामांनी विचारलं.

"झेंडे काढायला. अर्ध्या तासाचं काम हाय."

"बस खाली."

"आबा, उभी तूर हाय!"

"दिसतीय मला. मी पेरली." मामा उठले. दोरीचं टोक त्यांच्या अंगठ्याला तसंच गुंडाळलेलं होतं. "मी लावला असता तर काढायचं की नाय ते बघितलं असतं. मी लावला पण नाय. पण त्यानं सांगायचं आन् आपल्या हातानं निळा उपटायचा? ते व्हायचं नाय. वाऱ्यानं नेला तर नेऊ दे. शेळीनं खाल्ला तर खाऊ दे."

"अहो, किड्यांचे झेंडे हायेत ते," आत्याबाई म्हणाल्या. मी सासूबाईंना आत्याबाईच म्हणते.

"काल होते किड्यांचे. आता कोणाचे झाले ते गाव सांगायलंय."

कुणाच्या बाजूनं बोलावं ते मला कळत नव्हतं. मामांचं खरं होतं. राजेंद्रचंही खरं होतं. आणि कापले मी होते. कात्री अजून ओट्याच्या कोपऱ्यात होती, आणि तिच्या पात्यात निळा धागा अडकलेला होता. मी मॅडमला फोन लावला. त्या ऐकत गेल्या तसा त्यांचा आवाज वर चढला. "करुणा, ही तर धमकी आहे. मी लगेच तक्रार करते. मी सगळ्यांना सांगते."

"मॅडम, थांबा. तुम्ही संध्याकाळी संभाजीनगरात घरी असाल. आम्ही इथं असू."

त्यांचा आवाज खाली आला. मग त्या म्हणाल्या, "मग उद्या सकाळी पहिल्या गाडीनं येते. तुरीतच भेटू."

त्या दिवशी चुलीवर भाकरी झाल्या, पण कुणी ताट वाढून घेतलं नाही. श्रेयाला मी वरण भरवलं. तिचं अंग मला गरम लागत होतं. आत्याबाईंनी हात लावून बघितला आणि म्हणाल्या, "तुझा हात गार पडलाय, म्हणून तिचं अंग गरम लागतंय."

सकाळी उजाडताच आम्ही सगळे तुरीत गेलो. वेगळं असं काही ठरवलं नव्हतं. मामांनी विळा घेतला आणि बांधावरचं गवत कापायला बसले, जणू तो दिवस त्याचाच होता. आत्याबाईंनी भाकरीचं गाठोडं तुरीच्या सावलीत ठेवलं. मॅडम आल्या, केस विस्कटलेले, बॅग खांद्यावर. त्यांनी "जय भीम" घातला, मामांनी घेतला, आणि मग त्या लगेच ग्लासांकडं वळल्या. त्यांच्या हातांना काहीतरी काम हवं होतं हे मला दिसत होतं. माझ्याही.

दहिवर पडलं होतं. ग्लासाच्या जाळीवरचा शेणाचा गोळा पोखरलेला होता, आणि आत काळे, तुकतुकीत शेणकिडे एकमेकांच्या पाठीवर चढत होते. मॅडमनी एकेक चिमट्यानं उचलला. मी नावं सांगत होते. माझा आवाज मला परका वाटत होता.

ट्रॅक्टरचा आवाज आला. मी श्रेयाला उचललं. गायरानाच्या वाटेवरून गोकुळचा ट्रॅक्टर येत होता, मागं रोटा उचललेला, त्याची पाती उन्हात चमकत होती. पुढं काकासाहेब पायी येत होते. पांढरा शर्ट, हातात काठी. मागं गावातली पाच-सहा माणसं. गिरणीवालाही होता. त्याच्या भुवयांना पीठ लागलेलं होतं.

काकासाहेब बांधावर थांबले. ट्रॅक्टर त्यांच्या मागं थांबला.

"सखाराम, हे काय लावलंय?"

मामा बसल्या जागेवरून उठले नाहीत. "किडे मोजायलेत."

"कोणाचे किडे?"

"शेणातले."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. काकासाहेबांनी वळून बघितलं तसं ते थांबलं.

"मला येडं समजायला का तू? साऱ्या गायरानाला निळे झेंडे लावले, सुतळ्या धरून हद्द आखली, आन् मला किडे सांगायलास?"

मॅडम पुढं झाल्या. त्यांनी सगळं समजावून सांगितलं, जमिनीचा वापर, गवत, शेती, बाग. त्या चांगलं बोलल्या, पण फार बोलल्या. काकासाहेबांनी मान हलवत ऐकलं.

"मॅडम, तुमी शिकलेल्या. तुमाला गावातलं कळत नाय. तुमाला पुढं करून ह्यांनी डाव मांडलाय."

तेव्हा माझं तोंड उघडलं. मी उघडणार आहे हे मला माहीत नव्हतं.

"झेंडे मी कापले," मी म्हणाले. "मॅडमच्या पट्ट्या शेळीनं खाल्ल्या. घरात हे कापड होतं म्हणून हे कापलं. पिवळं असतं तर पिवळं कापलं असतं. डाव कसला? तुम्ही स्वतः बघा की काका." मी श्रेयाला आत्याबाईंकडं दिलं, वाकले आणि ग्लास जमिनीतून उपसून त्यांच्यापुढं धरला. आतले किडे खडखडले.

काकासाहेबांनी बघितलं नाही. गोकुळ मात्र ट्रॅक्टरवरून उतरून आला आणि ग्लासात डोकावला.

"आयला, खरंच किडेच हायेत की!"

"तुला उतराय सांगितलं का?" काकासाहेब म्हणाले. पण मागची माणसं आता पुढं आली होती. गिरणीवाल्यानं विचारलं, चावतात का. एकजण म्हणाला, हे तर आपल्या उकिरड्यावर किलोनं मिळतील. मला तेवढ्यानंच जरा श्वास आला.

सगळं हसण्यावारी जाणार असं दिसलं तसं काकासाहेबांनी काठी जमिनीवर आपटली.

"बरं, किडे तर किडे. मग माझ्या बागेत कामून लावला झेंडा? आँ? माझी मोसंबी काय गायरानात हाय का?"

कुणीच बोललं नाही.

आधी मला वाटलं, ते चिडलेत म्हणून लोक गप्प आहेत. मग मी त्यांची तोंडं बघितली. गिरणीवाला आपल्या चपलेकडं बघत होता. गोकुळ रोट्याच्या पात्यावरचा चिखल नखानं खरवडू लागला. दुसरा एक लांब नदीच्या दिशेला बघत होता, जसं काही तिथून कुणी येणार होतं. मामांनी विळा बाजूला ठेवला आणि काकासाहेबांकडं सरळ बघितलं. आणि मला कळलं, की ह्याचं उत्तर तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मी लग्न होऊन आलेली, म्हणून मलाच तेवढं नव्हतं.

प्रश्न त्यांनी स्वतःच विचारला होता. तो विचारल्यावर काकासाहेबांचा चेहरा जसा झाला, तसा चेहरा मी चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलेल्या माणसाचा बघितलाय.

"आता विचारलंच हाय," बागेच्या तारेपलीकडून आवाज आला, "तर सांगू द्या की कोणाला तरी."

काकासाहेबांच्या पत्नी आशाबाई मोसंबीच्या झाडामागून पुढं आल्या. ओटीत मोसंबी भरलेल्या, डोक्यावर पदर. कधीपासून तिथं होत्या कोण जाणे.

"तू घरी जा."

"जाते. तार सरकवली तवा खांब पुरणाऱ्यांना चहा मीच आणला होता. ह्या हिवराच्या झाडाच्या अलीकडं होती आधी तार. आता हिवर आत हाय. सखारामभाऊच्या बापाची गुरं बसायची तिथं."

"आशे, गप बस."

"गपच हाय की इतकी वर्सं." त्यांनी एक खांब धरला आणि वाकून तारेतून बाहेर आल्या. मोसंबी एक-दोन गळून गवतात पडल्या. "रात्रभर येरझाऱ्या मारल्यात तुमी. निळा लावला, निळा लावला. निळ्याची भीती नाय वाटली तुमाला. तिथं लावला त्याची वाटली."

मागची माणसं आता उघड ऐकत होती. आशाबाईंना त्याचं काही नव्हतं. त्या नवऱ्याशी घरात बोलावं तसं बोलत होत्या.

"आज ह्या पोरीच्या तुरीत रोटा घाला. उद्या हिचा सासरा गंगापूरला तहसिलात जाईल. मग मोजणीवाला येईल. तो काय नुसती तूर मोजून जाईल का? मोसंबीला फळ धरलंय. उपटायला मग ह्या गोकुळलाच बोलवावं लागंल."

"काकू, माझं नाव कामून घेता?" गोकुळ कळवळला.

ह्या वेळी हसू कुणालाच आवरलं नाही. मामांच्या मिशीखालीसुद्धा काहीतरी हललं. काकासाहेबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. ते बराच वेळ आमच्या तुरीकडं बघत राहिले. मी मनात म्हणत होते, बोला, काहीतरी बोला आणि जा.

"मॅडम," शेवटी ते म्हणाले, "ह्या किड्यांचा उपयोग तरी काय?"

मॅडमनी ह्या वेळी थोडक्यात सांगितलं. "शेण जमिनीखाली ओढून नेतात. त्याचं खत होतं, पाणी मुरतं. फवारणी जास्त झाली की मरतात."

"माझ्या बागेत किती निघाले?"

मॅडमनी चिमटा डब्यात ठेवला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. सकाळी येता येता त्यांनी तोही ग्लास पाहिला होता. त्या खोटं बोलणार नाहीत हे मला माहीत होतं, आणि एकदाच त्यांनी खोटं बोलावं असं मला वाटलं.

"एकही नाही," त्या म्हणाल्या.

"एक बी नाय?" काकासाहेबांना खरोखर वाईट वाटलं. तार सरकवल्याचं बोललं गेलं त्यापेक्षाही जास्त. "आन् ह्यांच्या तुरीत?"

"ग्लास भरलाय की," गोकुळ म्हणाला.

"मग दोन-चार सोडा की इकडं," काकासाहेब म्हणाले, आणि वळले. "गोकुळ, ट्रॅक्टर घे मागं. मळ्यात गव्हाची तयारी करायचीय, इथं काय उभा राहिलास?" जणू गोकुळ स्वतःच इथं फिरायला आला होता.

दोन पावलं जाऊन ते थांबले. मागं न बघता म्हणाले, "सखाराम, बागेतला तेवढा काढ."

"मी लावला नाय," मामा म्हणाले. "मी काढणार नाय."

काकासाहेब परत वळू लागले. पण आशाबाई पुढं झाल्या. त्यांनी कमरेचा जुना हिरवा रुमाल सोडला, ज्यात त्या मोसंबी बांधायच्या.

"सखारामभाऊ, तो सोडून हा बांधला तर चालंल का? निळा मी घडी करून करुणाकडं देते. फेकायची नाय."

मामांनी डोळे बारीक करून त्यांच्याकडं बघितलं. विचारलं गेलं होतं. तेवढंच त्यांना हवं असावं.

"तुमच्या रानात तुमचा रंग, बाई."

"रान कोणाचं ते राहू द्या आता," आशाबाई म्हणाल्या आणि तारेखालून पुन्हा आत गेल्या. "मॅडम, हा ग्लास हलवायचा नाय ना? बघा हो, नायतर मी पाणी द्यायला येते आन् लाथ बसते."

गिरणीवाला सगळ्यांत मागं राहिला होता. जाता जाता तो माझ्याजवळ आला, पण माझ्याकडं न बघता आत्याबाईंना म्हणाला, "डबा पाठवून द्या. लाईट आलीय."

"आली का?" आत्याबाई म्हणाल्या. "बघ बाबा. परत जाईल. तूच ये घ्यायला."

तो मान डोलवत गेला. ट्रॅक्टरचा आवाज लांब जात जात नदीकडच्या आवाजात मिसळला, आणि गायरानात पुन्हा फक्त वारा राहिला. राजेंद्र बांधावर मटकन बसला. त्याच्या मुठीत तुरीची एक शेंग होती. कधी तोडली त्यालाही आठवत नव्हतं. ती त्यानं चोळून चोळून भुगा केली होती.

मॅडम आपल्या डब्यांची झाकणं लावत होत्या. एक झाकण त्यांना दोनदा लागलं नाही. मी लावून दिलं.

"मॅडम, एक विचारू? तुमच्या अभ्यासात असं निघालं, की इथं सगळीकडं गवतच असायला हवं होतं, तूर नको, मोसंबी नको, तर?"

त्यांनी हातातला डबा खाली ठेवला आणि विचार केला. मला ते बरं वाटलं.

"निघेल तसं लिहीन," त्या म्हणाल्या. "कुणाचं नाव नाही लिहिणार. पण करुणा, तुमच्या तुरीत बांध रुंद आहेत, फवारणी नाही, शेळ्यांची लेंडी आहे. ग्लास तू पाहिलास. तेही लिहीन."

पुरेसं नव्हतं ते. पण त्या दिवसापुरतं पुरलं. पुढंमागं कुणी मोजायला आलं, तर काय निघेल हे मला अजूनही सांगता येत नाही. तूर मात्र उभी होती. तिच्या पिवळ्या फुलांवर, अजून उशिरानं येत होती ती, माश्या गुणगुणत होत्या. श्रेया आत्याबाईंच्या मांडीवर बसून स्वतःच्या झबल्यातलं एकेक कुसळ ओढून काढत होती आणि ते माझ्या पायावर ठेवत होती.

"बसा खाली सगळे," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी गाठोडं सोडलं. कालच्याच भाकरी होत्या, कडक झालेल्या. सोबत ठेचा आणि कांदा. मॅडमनाही त्यांनी हातावर भाकरी दिली. राजेंद्रनं कांदा बुक्कीनं फोडला. मामांनी दोन घास खाल्ले, मग अंगावरचा पंचा तोंडावर ओढून तुरीच्या सावलीत आडवे झाले. चार वर्षांत मी त्यांना दिवसा पडलेलं बघितलं नव्हतं. थोड्याच वेळात पंचा वर-खाली होऊ लागला आणि खालून घोरण्याचा आवाज आला, ट्रॅक्टरसारखा, न थांबता.

मॅडम हसायला लागल्या. आत्याबाईंनी बोट ओठांवर ठेवलं. "झोपू द्या. रात्री उभेच होते अंगणात."

मी घास तोंडात घातला. ठेचा जिभेला लागला आणि डोळ्यांतून पाणी आलं, मग थांबेचना. तिखटच होतं ते. कालपासून माझ्या पोटात काहीच नव्हतं, हे मला आता आठवत होतं. मानेतला गोळा कुठंतरी विरघळला होता, त्याची जागा भुकेनं घेतली होती. इतकी भूक मला बाळंतपणानंतर लागली नव्हती. हातातली भाकरी कधी संपली कळलं नाही.

"आत्याबाई, अजून अर्धी द्या."

"अर्धी कामून?" त्यांनी गाठोड्यातली सगळ्यांत मोठी काढून माझ्या हातावर ठेवली. "सगळी खा."